मठाचं पोतं

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर,
बुधवार, दि. १५ ऑक्टोबर १९८६

अहो,

शरणार्थ. तुमचं पत्र दसऱ्याच्या तोंडावर आलं आणि पोस्टमननं ते थेट अप्पांच्या हातात दिलं. तुमच्या वडिलांनी पाकिटावरचं अक्षर बघितलं, पाकीट उलटंसुलटं केलं आणि मला हाक मारून म्हणाले, “महानंदा, भोसरीचं हाय.” नाव काही घेतलं नाही. पण चष्मा लावून पत्ता मात्र पूर्ण वाचला, ते मी दारातून बघत होते.

इकडे सगळे खुशाल. अव्वांचा गुडघा आहे तसाच आहे, पण गुडघ्याला शिव्या देत का होईना त्या जिना चढतात, म्हणजे तुमच्या आईची तब्येत बरी म्हणायची. अप्पांचा खोकला गेला. मुकादम मलप्पाच्या म्हशीला वगार झाली आणि आता हिला चारा कुठून घालू म्हणून तो पेढे वाटता वाटताच रडवेला झाला होता.

पावसाचं विचारू नका. आपला जिल्हा झाला तेव्हा अप्पांनी मोंढ्यात, भर बाजारात, हार घालून घेतला होता. आता म्हणतात, टँकरचा अर्ज द्यायला उस्मानाबादला जावं लागत न्हाई एवढंच, टँकर तेवढ्याच लांबून येतो. गल्लीतल्या बायका टँकरच्या दिवशी भांडतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकींकडं विरजण मागायला जातात. मी पण त्यातलीच.

तुम्ही खोल्यांचं लिहिलंय ते वाचलं. दोन खोल्या, मोरी वेगळी, आणि नळाला दोन्ही वेळा पाणी. नळाचं तर एकाच पत्रात तीन ठिकाणी लिहिलंय. दुष्काळातल्या बाईला काय दाखवून बोलवावं हे तुम्हाला चांगलं कळतं. त्याचं शेवटी लिहिते.

आधी मिलचं. तुम्ही विचारलंय, “दिवाळीनंतर कुलूप नक्की कोणत्या दिवशी लावताय, म्हणजे सामान न्यायला येता येईल.” हे लिहिताना तुमचा हात कुठं अडखळलेला दिसत नाही, म्हणून मला राग आला होता. राग आता गेला. कुलूप लागत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मधली पानं सोडून शेवटाला पळाल.

आषाढात देगलूरचे रेवणप्पा शेठ अप्पांना तोंडावर सांगून गेले होते की, आणखी एक गाडी असली आली की आपला संबंध संपला. “अण्णाराव, तुमची बेलपान छाप दाळ अर्धी शिजती अन् अर्धी दातात वाजती. आमचं गिऱ्हाईक तेलुगू, कानडी, मराठी, तिन्ही भाषांत शिव्या द्यायलंय.” देगलूरचा माल थांबला की आपली मिल बसली, हे मी तुम्हाला सांगायला नको. अप्पा तेव्हाच म्हणाले, दिवाळीनंतर मिल भाड्यानं देऊ आणि पोराच्या खोलीत जाऊन पडू. त्यांनी ते असं म्हटलं की अव्वांनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

आता चैत्रातलं भांडण मला उकरून काढायचं नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. तुम्ही महिनाभर रजा घेऊन आलात. कारखान्यात शिकलेलं गुणवत्ता मंडळ आपल्या मिलमध्ये करायचं म्हणून मलप्पाला, हमालांना, निवडणाऱ्या बायकांना गोल करून बसवलंत. बिघाड झाला की कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत, कारण शोधायचं, ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. मला ते लई आवडलं होतं. इथवर ठीक होतं. मग तुम्ही खडू घेतलात आणि कारणं मांडायला भिंतीवर माशाचा सांगाडा काढलात. जपानी लोक असाच काढतात म्हणालात. काढत असतील. पण लिंगायताच्या मिलमध्ये, बसवण्णांच्या तसबिरीखाली, डोक्यासकट मासा? अव्वा तर डोळ्याला पदर लावून माघारी फिरल्या. अप्पांनी भिंत धुऊन घेतली, ती पण टँकरच्या पाण्यानं. मला माशापेक्षा त्या पाण्याचं जास्त वाईट वाटलं.

आणि अप्पा तुम्हाला काय म्हणाले ते आठवतं का? “मालात खोट म्हणतोस? चल मठात, तिथं आपलीच दाळ शिजती, जेवून बघ.” तुम्ही गेलात. वरण लोण्यासारखं. शरणप्पा आचाऱ्यांनी वर आणखी वाढलं. तुम्ही चिडलात आणि रातराणी बस धरलीत. मी पण त्या दिवशी तुम्हालाच चूक समजले. मठात मी पण जेवले होते.

श्रावणात मी देगलूरला गेले होते, माझ्या बहिणीच्या, दानम्माच्या बाळाच्या पाळण्याला. तिच्या सासूनं सकाळीच वरण चुलीवर ठेवलं. माणसं आली, पाळणा झाला, गाणी झाली, वरण काही होईना. म्हातारी सारखं पाणी ओतायली, आणि पाणी तिथं पण विकतच. शेवटी पंगत बसली तर भातावर खाली पिवळं पाणी आणि वर कडक दाणे. मी म्हटलं, “मावशी, कुठली आणलीत ही दाळ?” म्हातारीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “तुझ्याच घरची की गं बाई.” सगळ्या बायका हसल्या. दानम्मानं माझी बाजू घ्यायची म्हणून सांगितलं, चुलीचा दोष आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पोत्यात हात घालून मूठभर दाळ पदराच्या गाठीला बांधली आणि बसमध्ये बसले.

बसमध्ये डोकं एकाच गोष्टीवर अडलं. आपली दाळ आपण कधीच चाखली नाही.

आपल्या घरची रीत मी तुम्हाला काय सांगायची, पण मलाच ती त्या दिवशी नव्यानं दिसली. मठाच्या दासोहाला, तिथल्या रोजच्या पंगतीला, आपलं पोतं जायचं, ते रेणापूरच्या आपल्या रानातल्या तुरीचं. ती तूर वेगळी ठेवायची, वेगळी वाळवायची, बायकांनी दाणा न् दाणा निवडायचा. आणि देवाला एक, आपल्याला एक असं नको, म्हणून घरात पण त्याच पोत्यातलं शिजवायचं. भक्ती चांगली, नियम चांगला. पण झालं काय, की आजोबांपासून आपल्या घरातल्या एकाही माणसानं बेलपान छाप दाळ खाल्लेली नाही. अप्पा जी चाखायचे ती विकत नव्हते, आणि जी विकायचे ती चाखत नव्हते. तुम्ही पण शंभर कारणं लिहिलीत, रोल घासलाय, चाळणी फाटलीय, हमाल कामचुकार. घरचं ताट तेवढं राहून गेलं. रागावू नका, माझं पण राहिलंच होतं.

मी येऊन अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “देगलूरचं पाणी जड हाय.” दुसऱ्या दिवशी मी दोन भगोणी घेतली, दोन चुली लावल्या. एकात मठाची दाळ, एकात विकायची. पाणी एकाच हंड्यातलं, लाकूड एकाच मोळीचं. दोन्ही एकाच वेळी उतरवली आणि हळद-मीठ न घालता दोन वाट्या अप्पांच्या ताटात ठेवल्या. कोणती कुठली ते सांगितलं नाही. त्यांनी एक चाखली. दुसरी तोंडात घातली आणि चावत राहिले. मग दुसरी वाटी त्यांनी संपवली. पूर्ण. शिक्षा भोगावी तशी. हात धुतला आणि म्हणाले, “उद्यापास्नं मिलमध्ये ये.”

अव्वा म्हणाल्या, “सून मिलमध्ये बसणार? मोंढा काय म्हणंल?” अप्पा म्हणाले, “मोंढा जे म्हणायचं ते दाळीला म्हणायलाय की.”

तर दोन महिने झाले, मी मिलमध्ये बसतेय. हे मागच्या पत्रांत लिहिलं नाही. लिहिणार होते, पण तुम्ही प्रत्येक पत्रात भोसरीचं लिहायचात आणि मग हे कुठं घालावं कळायचं नाही.

तुमचं गोल बसणं मी पुन्हा सुरू केलं. आणि ते तुमचं एकामागून एक ‘का’ विचारणं. इथं ‘का’ म्हटलं की माणसं घाबरतात, साहेब आल्यासारखं वाटतं, म्हणून मी ‘कामून’ म्हणते. ऐका, तुम्हाला मजा वाटेल.

“मलप्पा, दाळ अर्धीच कामून शिजती?”

“तूर मिसळलीय अक्का. नवी-जुनी.”

“कामून मिसळली?”

“वट्टा एकच हाय वाळवायला.”

“वट्टा तर दरसाल एकच असतो. यंदाच कामून?”

“दरसाल तूर आपल्या भागातली ऱ्हायची. यंदा गुलबर्ग्याची आली, आदिलाबादकडची आली, गोदामातली दोन वर्सांची जुनी काढली. मिळंल ती घेतली.”

“मग पाळीपाळीनं कामून घालत न्हाईस?”

मलप्पाच्या आधी मागून अप्पाच बोलले. “टँकर आला की सगळी भिजवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पाणी कुठनं आणायचं? तेलपाणी दिल्याबगर साल सुटत न्हाई.” आणि मग स्वतःशीच, “म्हंजी आपली दाळ टँकरच्या वारावर चाललीय.”

ते मी भिंतीवर लिहिलं. अहो, मी पण खडू घेतला. पण मासा नाही काढला. तुरीची तुराटी काढली, मधे दांडा, दोन्ही बाजूंना फांद्या, आणि एकेका फांदीवर एकेक कारण: तूर, पाणी, वट्टा, यंत्र, हात. तुमचंच आहे सगळं, हाडांच्या जागी फांद्या घातल्या एवढंच. अव्वांनी येऊन बघितलं आणि म्हणाल्या, “हे बरं हाय. पानं पण काढ थोडी.” पानं काढली. पहिल्यांदाच हे सुचलं असतं तर तुमची रजा पूर्ण झाली असती.

मग कामं लागली. तेलाची रिकामी पिपं धुऊन त्यांत टँकरचं पाणी साठवायचं, म्हणजे रोज थोडं थोडं वापरता येतं. वट्ट्यावर विटा लावून तीन वाफे केले, एकेका गावची तूर एकेका वाफ्यात. पोती शिवायला तीन रंगांची सुतळी: गुलबर्ग्याला तांबडी, आदिलाबादला पिवळी, जुनीला हिरवी. जुनी आहे ती जुनी म्हणून सांगूनच विकायची.

आणि मग मी मठाच्या पोत्याचं बोलले. मी म्हटलं, मठाला वेगळं पोतं नको. तयार मालातलं कोणतंही एक जावं, ते पण आपण नाही निवडायचं. अप्पा असे उसळले की हमाल बाहेर गेले. “देवाला कोणतं बी? सत्तर वर्सांचा नेम मोडू?” त्यांचं दुखणं मला कळत होतं. तेव्हा अव्वा, ज्या कधी मिलच्या गोष्टीत बोलत नाहीत, त्या खाली बघून लसूण सोलता सोलता म्हणाल्या, “सोमवारी मठात जी माणसं जेवतात, तीच मंगळवारी दुकानातनं आपली दाळ नेतात. सोमवारी त्यांना दाणा निवडून घालता, मंगळवारी खडे घालता. माणूस तर त्योच हाय की.” अप्पा संध्याकाळी मठात जाऊन आले आणि शरणप्पांना निरोप देऊन आले, की उद्या येऊन पोतं तुम्हीच उचला, डोळे झाकून.

तेव्हापासून तसंच चाललंय. माल तयार झाला की शरणप्पा येतात, डोळे मिटून थप्पीवर हात ठेवतात, ते पोतं फोडतात. त्यातलं आधी माझ्या चुलीवर शिजतं. शिजलं तर पोतं मठात आणि गाडी गावाला. नाही शिजलं तर सगळा माल खाली. पहिल्या दिवशी निवडणाऱ्या बायका मला विचारायला लागल्या, “अक्का, ह्यातलं मठाचं कोणतं?” मी म्हटलं, मला पण ठाऊक नाही. तर त्यांच्यातली पंचशीला सुपातला खडा फेकत म्हणाली, “घ्या. म्हंजी आता समदीच मठाची म्हणून निवडा. अक्कानं कामाला लावलं की आपल्याला.” हसल्या सगळ्या, पण त्या दिवसापासून सुपं बदलली.

मधे एक वाईट दिवस आला, तो पण लिहिते. भाद्रपदात रेवणप्पा शेठांची गाडी दारात उभी, शेठ स्वतः आलेले, शेवटची संधी म्हणून. शरणप्पांनी हात ठेवला ते पोतं तांबड्या सुतळीचं. शिजायला घातलं. गुलबर्ग्याची दाळ लवकर शिजते, आणि ही शिजेना. दाणा बोटानं दाबला तर बोटच दुखलं. मलप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “अक्का, दुसरं पोतं फोडू का? शेठ आत चहा घ्यायलेत.” आणि खरं सांगते, माझ्या तोंडात ‘हो’ आलं होतं. पण अप्पा मागं उभे होते. त्यांनी भगोण्यात बघितलं, बाहेर गेले आणि म्हणाले, “शेठ, आज नेऊ नका. शिजत न्हाई.” अप्पांच्या तोंडून असं वाक्य मोंढ्यानं कधी ऐकलं नव्हतं. गाडी रिकामी वापस गेली. मला वाटलं, संपलं. मी मिलच्या मागं जाऊन रडले, आणि रडताना भोसरीच्या नळाचीच आठवण आली, काय सांगू.

मग मलप्पाला कोपऱ्यात घेतलं, तुमच्या नियमानं, शिव्या न देता. हिरवी सुतळी संपली होती म्हणून त्यानं जुनीची काही पोती तांबडीनं शिवली होती. “सुतळीच तर हाय” म्हणून. आता एक सुतळी संपली की दाभण खाली ठेवायचं आणि मला हाक मारायची, असं ठरलं.

शेठ परत येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. दसऱ्याला आले. आपट्याची पानं अप्पांच्या हातात दिली आणि म्हणाले, “जो माणूस दारात आलेली गाडी रिकामी वापस पाठवतो, त्याची भरून दिलेली गाडी मी तपासून घ्यायची व्हय?” पण तपासली मात्र. व्यापारीच शेवटी. शरणप्पांनी पोतं दाखवलं, मी शिजवलं, शेठ मांडी घालून बसले आणि भातावर दोनदा वरण घेतलं. संध्याकाळी गाडी देगलूरला गेली. अव्वांनी गाडीच्या चाकावर नारळ फोडला. इतक्या दिवसांनी मला भरपूर झोप लागली, सकाळी टँकरचा भोंगा पण ऐकू आला नाही आणि पाणी गेलं. तरी अव्वा रागावल्या नाहीत.

काल आणखी एक झालं. अप्पांनी खडू मागितला. मला वाटलं थप्पीवर खूण करायची असेल. ते भिंतीपाशी गेले आणि त्या तुराटीला स्वतःच्या हातानं एक फांदी काढली, वाकडी. तिच्यावर लिहिलं, ‘मालक’. खडू माझ्या हातात ठेवून बाहेर गेले. तुम्हाला चैत्रात जे बोलले त्याबद्दल याच्यापेक्षा जास्त त्या माणसाकडून मिळणार नाही. मला तर हे पण पुष्कळ वाटलं.

आता खोल्यांचं.

मी येत नाही.

लिहिलं एकदाचं. गेले दोन दिवस पेन उचलायचे आणि ठेवायचे. तुमच्याशिवाय मला इथं करमत नाही, हे खरं आहे. लग्नाला तीन वर्षं झाली आणि आपण सलग दोन महिने एका घरात राहिलेलो नाही, मला पण कळतं ते. तुमची आठवण लई येते, विशेषतः जेवताना, कारण आता घरात पण बेलपान छाप शिजते आणि ती चांगली शिजली की तुम्हाला वाढावीशी वाटते. पण सकाळी शरणप्पा पोत्यावर हात ठेवतात आणि मग मलप्पा, हमाल, पंचशीला, अप्पा, सगळे माझ्या चुलीकडं बघत थांबतात. मी एक दाणा काढते, बोटानं दाबते आणि मान हलवते. मग गाडी सुटते. माझ्या मान हलवण्यावाचून आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. ते सोडून मला नळाखाली बसता येणार नाही.

हे अप्पांनी मला सांगायला लावलेलं नाही, ते तर म्हणाले, “जायचं तर जा, तुझा संसार हाय.” अव्वांना अजून सांगितलेलंच नाही.

अप्पांनी तुम्हाला बोलावलेलं नाही आणि ते बोलावणार पण नाहीत, तुम्ही त्यांना ओळखता. मी बोलावते. दिवाळीला या. जमलं तर नंतर कायमचे या, इथं तुमच्या डोक्याला काम आहे, चाळणीचं काही केल्या मला कळत नाही. नाही जमलं, कारखाना सोडवला नाही, तरी मी रुसणार नाही. भाऊबीज झाली की चार दिवस मी तिकडं येईन, दोन्ही वेळा डोक्यावरून अंघोळ करीन आणि वापस जाईन.

दोन खोल्यांतली एक मात्र सोडून द्या. घरमालक विचारतील, बायको यायची होती ना? त्यांना सांगा, बायको आहे, पण ती कामाला लातुरात असते.

तुमची,
महानंदा